विमानकंपन्यांचा जमाखर्च

१९५० साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली भारत सरकारने हवाई वाहतुकीच्या चौकशीसाठी एक समिती नेमली होती, आणि त्या समितीपुढे जो प्रश्न आला होता तो पाऊणशे वर्षांनंतरही जवळजवळ त्याच स्वरूपात आपल्यापुढे उभा आहे. दुसरे महायुद्ध संपल्यावर सैन्याला नको झालेली डाकोटा विमाने या देशात अल्प किमतीत मिळू लागली होती, परवाने सढळ हाताने दिले गेले होते, आणि जेथे मोजक्या कंपन्यांचा निर्वाह कसाबसा व्हावा तेथे कितीतरी अधिक कंपन्या एकाच उतारूसाठी झगडत होत्या. उतारू थोडे, पेट्रोल महाग आणि त्यावरील कर जड, अशा स्थितीत सरकारला पेट्रोलवरील करात सूट देण्याची तजवीज करावी लागली. तरीही अंबिका आणि ज्युपिटर या दोन कंपन्या अल्पावधीतच बुडाल्या, आणि अखेर १९५३ साली उरलेल्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन आठ कंपन्यांची मिळून इंडियन एअरलाइन्स झाली. हे सारे ज्यांनी पाहिले ती पिढी आता राहिली नाही. पण १९९४ साली जुना कायदा रद्द होऊन खासगी कंपन्यांना आकाश पुन्हा मोकळे झाल्यापासून जे घडत आले आहे ते पाहिले म्हणजे त्या समितीच्या दप्तरातील पाने कोणी उलटलीच नाहीत, असे खेदाने म्हणावे लागते.

एखादी विमानकंपनी बंद पडली की तिचे चालक दोन कारणे सांगतात. इंधन महागले, हे एक. आणि मंदीमुळे उतारू घटले, हे दुसरे. दोन्ही कारणे खोटी नाहीत. परंतु दर काही वर्षांनी जे येणारच, आणि येणार हे ज्या धंद्यातील प्रत्येकाला ठाऊक आहे, त्याला आकस्मिक आपत्ती म्हणणे मला मान्य नाही. माझे म्हणणे इतकेच आहे की, इंधनाच्या महागाईने किंवा मंदीने विमानकंपन्या बुडत नाहीत. इंधन स्वस्त असताना आणि उतारू भरपूर असताना त्या ज्या रीतीने व्यवहार करतात त्यामुळे बुडतात, आणि बुडताना सर्वांत मोठा भार ज्यांच्यावर टाकतात त्यांचा त्या व्यवहाराशी काडीचाही संबंध नसतो.

प्रथम इंधनाचा हिशेब मांडू. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला येत असता वाटेत अहमदाबादला उतरले, तेव्हा त्यांच्या छोट्या पस मॉथ विमानासाठी बर्मा शेलचे पेट्रोल चार-चार गॅलनच्या डब्यांत भरून बैलगाडीने आले होते. आज मुंबईहून दिल्लीस निघणाऱ्या विमानाच्या पंखाखाली जाड नळी लावली जाते, काही मिनिटांत टाक्या भरतात, आणि किती किलोलिटर भरले याची पावती सहीसाठी पुढे येते. एअरबस ए३२० जातीचे १८० आसनांचे विमान तासाला साधारण अडीच टन इंधन जाळते, म्हणजे दोन तासांच्या दिल्ली प्रवासाला पाच टन, अर्थात सुमारे सहा किलोलिटर लागते. ऑगस्ट २००८ मध्ये दिल्लीत या इंधनाचा दर किलोलिटरला ७१ हजार रुपयांवर गेला होता. जून २०२२ मध्ये तो १ लाख ४१ हजारांवर गेला. या दुसऱ्या दराने एका फेरीचे इंधन साडेआठ लाख रुपयांच्या घरात जाते, आणि १८० पैकी १५० आसने भरली असे धरले तरी प्रत्येक उतारूमागे साडेपाच हजारांहून अधिक रुपये केवळ जाळण्यासाठी लागतात. यात वैमानिकांचे व सेविकांचे वेतन आलेले नाही, विमानाचा भाडेपट्टा आलेला नाही, विमानतळाचे शुल्क, देखभाल, विमा, व्याज यांपैकी काहीही आलेले नाही. अशा विमानाचे तिकीट चार हजारांना विकले जाते तेव्हा उतारूला सवलत मिळाली असे आपण समजतो. वस्तुतः ती रक्कम कोणाकडून तरी उसनी घेतलेली असते, आणि ती कोणी फेडायची हा प्रश्न तेवढा पुढे ढकललेला असतो.

त्यातून या धंद्याचे एक विचित्र दुर्दैव असे की त्याचे उत्पन्न रुपयांत येते आणि खर्चाचा मोठा हिस्सा डॉलरच्या हिशेबाने होतो. भाडेपट्टा डॉलरमध्ये, सुटे भाग डॉलरमध्ये, इंजिनाची मोठी दुरुस्ती परदेशी. आणि इंधन येथल्याच शुद्धीकरण कारखान्यात तयार झाले तरी त्याचा भाव जागतिक बाजाराला बांधलेला. रुपया घसरला की विमान एक इंचही न हलता खर्च वाढतो. शिवाय आसन हा माल साठवून ठेवता येत नाही. मंडईतली मेथीची जुडी दुसऱ्या दिवशी निम्म्या किमतीला तरी खपते. सुटलेल्या विमानातील रिकाम्या आसनाची किंमत दार बंद होताक्षणी शून्य होते, आणि या भीतीपोटीच प्रत्येक कंपनी शेजारच्या कंपनीपेक्षा शंभर रुपये कमी भाडे लावावयास प्रवृत्त होते. जगभरच्या कंपन्यांची सरासरी काढली तर चांगल्या वर्षीही एका उतारूमागे सहा-सात डॉलरच नफा उरतो, असे त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अलीकडचे अनुमान आहे. एवढ्या पातळ नफ्यावर उभी राहिलेली संस्था एका वाईट हंगामाने डळमळावी यात नवल नाही.

येथे सरकारच्या वर्तनाविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराचा अंमल सुरू झाला, परंतु पेट्रोल, डिझेल, कच्चे तेल आणि नैसर्गिक वायू यांच्याप्रमाणेच विमानाचे इंधनही त्यातून वगळण्यात आले. परिणामी त्यावर केंद्राचे ११ टक्के उत्पादनशुल्क आणि त्याशिवाय राज्यांचा विक्रीकर असे दुहेरी ओझे राहिले, आणि कंपनीने भरलेल्या या कराची पुढे वजावटही तिला मिळत नाही. तामिळनाडूत हा विक्रीकर २९ टक्के, दिल्लीत २५ टक्के. महाराष्ट्रातही मुंबई आणि पुणे येथे तो दीर्घकाळ २५ टक्के होता, आणि एप्रिल २०२३पासून मुंबई, पुणे व रायगड या क्षेत्रांपुरता तो १८ टक्क्यांवर आणला गेला. राज्याराज्यांतील या तफावतीमुळे एक अजब व्यवहार चालतो, त्याला या धंद्यात टँकरिंग म्हणतात: जेथे कर कमी तेथे परतीच्या प्रवासाचे इंधनही भरून घ्यावयाचे, आणि ते ओझे आकाशात वाहून न्यावयाचे. वाढलेले वजन वाहण्यासाठी विमान पुन्हा जास्त इंधन जाळते. परकीय चलन खर्चून आणलेल्या तेलाचा काही अंश केवळ दोन राज्यांच्या करदरांतील अंतर भरून काढण्यासाठी धूर होऊन जावा, ही गोष्ट कोणत्याही विचारी शासनाला लांच्छनास्पद आहे.

परंतु याहूनही गंभीर दोष कराच्या दरात नसून त्याच्या आकारणीच्या पद्धतीत आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. हा कर शेकडेवारीने आकारला जातो. म्हणजे तेलाचा भाव दुप्पट झाला की खजिन्यातील भरणाही कोणताही हुकूम न काढता दुप्पट होतो, आणि तोही नेमक्या त्या महिन्यांत, ज्या महिन्यांत कंपनीला श्वास घेणे कठीण झालेले असते. उलट तेल स्वस्त झाले की कर हलका होतो, म्हणजे ज्या काळात कंपनीला तो सहज सोसला असता त्याच काळात तिला सवलत मिळते. संकटात भार वाढवणारा आणि सुबत्तेत तो उतरवणारा कर हा करशास्त्राच्या सर्वमान्य तत्त्वांशी विसंगत आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेर येथे झालेल्या वस्तू व सेवा कर परिषदेच्या बैठकीत हे इंधन त्या कराच्या कक्षेत आणण्यास राज्यांनी नकार दिला. त्यांची अडचण मी समजू शकतो. स्वतःच्या मर्जीने कमी-अधिक करता येतील असे कर राज्यांच्या हाती आता मोजकेच उरले आहेत, आणि त्यांतला आणखी एक सोडावयास कोण सहजी तयार होईल? पण तो कर ठेवावयाचाच असेल तर निदान किलोलिटरमागे ठरावीक रुपये अशा स्वरूपात ठेवावा. राज्याचे उत्पन्न स्थिर राहील, आणि भाववाढीच्या वर्षी त्याचा फास अधिक आवळला जाणार नाही.

आता मंदीकडे वळू. लोक इंधनाची महागाई आणि मंदी या दोन वेगळ्या व्याधी समजतात. प्रत्यक्षात त्या एकमेकींच्या मागोमाग येतात, आणि पुष्कळदा एकीचा उतार म्हणजेच दुसरीचा चढ असतो. २००८ सालचे उदाहरण याबाबतीत अत्यंत बोलके आहे. त्या वर्षी जुलै महिन्यात कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे १४७ डॉलरवर पोहोचला. डिसेंबरात तोच भाव ४० डॉलरच्या खाली आला. वरवर पाहणाऱ्यास वाटावे की विमानकंपन्यांचे ग्रहण सुटले. पण तेल स्वस्त झाले ते जगभरचे कारखाने आणि पेढ्या हातपाय आखडून बसल्यामुळेच, आणि जो व्यापारी, जो अधिकारी, जो अभियंता कंपनीच्या खर्चाने आठवड्याला दोनदा विमानाने फिरत होता त्याचा प्रवासखर्च सर्वांआधी कापला गेला होता. त्या वर्षी भारतातील देशांतर्गत उतारूंची संख्या आदल्या वर्षापेक्षा सुमारे पाच टक्क्यांनी घटली. ऑक्टोबरात जेट एअरवेजने सुमारे १९०० कर्मचाऱ्यांना एका फटक्यात कामावरून कमी केले. गणवेशातील तरुण मुले-मुली मुंबईच्या रस्त्यावर आली, गदारोळ उठला, आणि कंपनीला दोन दिवसांत तो निर्णय मागे घ्यावा लागला. त्या प्रसंगी लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. कंपनीचा जमाखर्च मात्र त्या माघारीने सुधारला नाही, आणि आदल्याच वर्षी एअर सहारा ही कंपनी १४५० कोटी रुपयांना विकत घेऊन डोक्यावर चढवलेले ओझेही उतरले नाही. त्याच वर्षी दुसऱ्या बाजूला किंगफिशरने कॅप्टन गोपिनाथ यांची एअर डेक्कन ताब्यात घेतली होती. म्हणजे तेल महागण्याच्या उंबरठ्यावर, सुबत्तेच्या भरात, दोन मोठ्या कंपन्यांनी दोन तोट्यातल्या कंपन्या कर्जाच्या बळावर आपल्या अंगावर घेतल्या. किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये कायमची जमिनीवर बसली.

जेट एअरवेजची कहाणी अधिक सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण ती मुंबईची कंपनी, ५ मे १९९३ रोजी मुंबईतूनच तिचे पहिले विमान उडाले, आणि सहार, मरोळ, अंधेरी, विलेपार्ले या परिसरातील हजारो मध्यमवर्गीय घरांची चूल पाव शतक तिच्यावर पेटत होती. २०१८ साली देशात मंदी नव्हती. देशांतर्गत उतारूंची संख्या त्या एका वर्षात सुमारे १८ टक्क्यांनी वाढली होती. तरीही त्याच वर्षी ही कंपनी खचली. तेल पिंपामागे ८५ डॉलरच्या आसपास गेले, रुपया डॉलरला ७४ पर्यंत घसरला, आणि इतके होऊनही भाडी वाढवण्याची हिंमत कोणत्याही कंपनीला झाली नाही, कारण भाडे वाढवील त्याचा उतारू दुसऱ्या दिवशी दुसरीकडे जाणार. जानेवारी २०१९पासून वैमानिक, अभियंते आणि वरिष्ठ कर्मचाऱ्यांचे पगार थकले, मार्चपासून सर्वांचेच. गृहकर्जाचे हप्ते, मुलांच्या शाळेची फी, वृद्ध आईवडिलांची औषधे यांसाठी दरमहा ठरलेल्या तारखेला खात्यात येणारी रक्कम येईनाशी झाली, आणि तरीही माणसे इस्त्री केलेल्या गणवेशात कामावर येत राहिली, कारण कामावर न येणे म्हणजे कंपनी आपल्या हाताने बुडवणे असे त्यांना वाटत होते. तूर्त विमाने चालू ठेवण्यासाठी मागितलेली तातडीची रक्कम देण्यास बँकांनी नकार दिला. १७ एप्रिल २०१९च्या रात्री अमृतसरहून मुंबईस आलेले विमान हे तिचे अखेरचे ठरले. सुमारे २० हजार माणसे एका रात्रीत बेकार झाली. पुढे दिवाळखोरीच्या कायद्याखाली पाच वर्षे तारखा पडत राहिल्या, नव्या मालकांची योजना मंजूर झाली आणि फसली, आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या अवसायनाचा हुकूम दिला.

कायद्याची या बाबतीतली रचना सामान्य वाचकाने समजून घेतली पाहिजे. कंपनीची मालमत्ता विकून जे पैसे येतील त्यांतून प्रथम त्या प्रक्रियेचाच खर्च वळता होतो; नंतर तारण असलेले सावकार आणि त्यांच्या बरोबरीने कामगारांची २४ महिन्यांची बाकी; कामगार या व्याख्येत न बसणाऱ्या इतर कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची बाकी त्यांच्याही मागे. भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान या वाटणीबाहेर ठेवलेले आहेत, हे खरे. परंतु तेही पदरात पाडून घेण्यासाठी जेटच्या कर्मचाऱ्यांना न्यायाधिकरणापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. आणि मुख्य अडचण अशी की विमानकंपनीजवळ विकण्याजोगे असते तरी काय? विमाने बहुतांशी भाड्याची. कंपनी अडखळली की मालक ती घेऊन जातात. उड्डाणांच्या वेळा इतरांना वाटल्या जातात. राहते ते फर्निचर, काही यंत्रसामग्री आणि एक नाव. पोलाद कारखाना बुडाला तर भट्टी उरते. येथे मागे राहिलेल्या येणेदारांनी कशावर हात ठेवावयाचा?

कोणी म्हणेल की इंधनाचा भाव आगाऊ बांधून ठेवण्याचे करार बाजारात उपलब्ध आहेत, ते का करू नयेत. अमेरिकेतील साउथवेस्ट कंपनीने या शतकाच्या पहिल्या दशकात तसे करून पुष्कळ पैसा वाचवला, हे मान्य. पण हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिकला तशाच करारांनी २००८ साली आणि पुढे २०१६ सालीही जबर तोटा दिला. तो उपाय म्हणजे एका सट्ट्यावर दुसरा सट्टा आहे. महासाथीच्या वर्षी तर सारेच गणित उलटे झाले: मे २०२० मध्ये दिल्लीत विमानाच्या इंधनाचा दर किलोलिटरला साडेबावीस हजार रुपयांपर्यंत खाली आला होता, आणि त्याच काळात, २५ मार्चपासून दोन महिने, देशांतर्गत उतारू वाहतूक संपूर्ण बंद होती. दोनच वर्षांत तो दर सहापटींहून वर गेला. अशा चढउताराला पुरून उरते ती फक्त साठवलेली रोकड. इंडिगो त्या काळातून निभावली ती साथीपूर्वी साचवलेल्या शिलकीमुळेच. आणि तिलाही जुलै २०२० मध्ये दहा टक्के कर्मचारी कमी करण्याची घोषणा करावी लागली, हे विसरून चालणार नाही.

लहान गावांचा विचार तर कोणी करीतच नाही. २७ एप्रिल २०१७ रोजी लहान शहरांसाठीच्या उडान योजनेखालील उड्डाणांचा आरंभ झाला, त्या पहिल्याच दिवशीच्या मार्गांत नांदेड–हैदराबाद हा मार्ग होता. सचखंड गुरुद्वाऱ्याच्या दर्शनास देशभरातून येणारे यात्रेकरू आणि मराठवाड्यातील व्यापारी, रुग्ण, विद्यार्थी यांना ती सेवा म्हणजे मोठाच दिलासा होता. पण २०२२च्या आरंभी ती चालवणाऱ्या ट्रूजेट कंपनीची उड्डाणेच थांबली. सरकारी अनुदानाची मुदत तीन वर्षांची. मंदीला आणि महागाईला मुदत नसते. मुंबईचा उतारू एक कंपनी बुडाली तर दुसरीच्या खिडकीशी जातो, नांदेडच्या माणसाला पुन्हा रात्रभर रेल्वेत बसावे लागते. आणि मुंबईच्या उतारूनेही निश्चिंत राहू नये. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट दिवाळखोरीत गेली, तिने आपले दुखणे इंजिनांच्या माथी मारले. अशा रीतीने एकेक कंपनी गळत आज देशातील दर शंभर उतारूंपैकी साठांहून अधिक एकाच कंपनीच्या विमानात बसतात. स्वस्त भाड्याच्या स्पर्धेचा शेवट स्पर्धक न उरण्यात होतो, आणि मग भाडे ठरवणारा एकटाच राहतो.

यावर सरकारने भाड्यांची कमाल मर्यादा ठरवावी, अशी मागणी दर दिवाळीला होते. मला ती रोगापेक्षा औषध भयंकर अशा स्वरूपाची वाटते. कंपन्या पुन्हा सरकारच्या ताब्यात घ्याव्यात, असेही मी म्हणत नाही. एअर इंडियाने करदात्यांच्या पैशावर वर्षानुवर्षे सोसलेला तोटा आणि २७ जानेवारी २०२२ रोजी तिची टाटांकडे झालेली परतपाठवणी आपल्या स्मरणात ताजी आहे. हवे आहे ते इतकेच की, ज्याला आकाशात शेकडो माणसे घेऊन जाण्याचा परवाना द्यावयाचा, त्याने तीन महिन्यांचे वेतन आणि तीन महिन्यांचे इंधन भागेल इतकी रक्कम अलग खात्यात, बँकांच्या तारणापासून मुक्त, अशी ठेवलीच पाहिजे. ती खाली आली तर नवी विमाने घेण्यास मनाई व्हावी, आणि वेतन एक महिना थकताच नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने हिशेब तपासणे सक्तीचे असावे. विमानाच्या चाकाची झीज किती झाली हे जे खाते मिलिमीटरने मोजते, त्याला कंपनीच्या गंगाजळीची झीज मोजणे अशक्य नाही. यामुळे तिकिटे थोडी महाग होतील, हे मी लपवीत नाही. ती तशी झाली पाहिजेत. खर्चाखाली विकलेल्या तिकिटाची उरलेली किंमत आजवर सहारच्या लोडरने आणि मरोळच्या तंत्रज्ञाने आपल्या थकलेल्या पगारातून भरली आहे.

महाराष्ट्राच्या अर्थखात्याने इंधनावरील कर शेकडेवारीऐवजी किलोलिटरमागे ठरावीक रकमेने आकारण्याचा प्रयोग स्वतःपासून सुरू करावा. त्यासाठी दिल्लीच्या संमतीची वाट पाहण्याचे कारण नाही. आणि राज्यातून लोकसभेवर गेलेल्या ४८ सदस्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, वेतनाच्या राखीव निधीचे कलम परवान्याच्या अटींत घालण्याचा आग्रह त्यांनी पक्षभेद बाजूस सारून येत्या अधिवेशनातच धरावा. आज उतारू भरपूर आहेत, नवी मुंबईचा विमानतळ उभा राहिला आहे, नव्या विमानांच्या मागण्या शेकड्यांनी नोंदवल्या गेल्या आहेत. ही तरतूद करावयाची ती अशाच काळात.